शांघायची टोपी

अब्बा, मी रात्रभर झोपले नाय. भोंगा वाजला म्हणून नाय, लढाई लागल्यापासून त्याची सवय झाली. वारा बघत बसले. शेजारीण म्हणते, विषारी गॅस वाऱ्याबरोबर येतो. म्हणून पोराचं लंगोट दोरीवर टाकलं आणि ते कुठे उडतंय ते खिडकीतून बघत राहिले. तुम्ही बोटीवरचे, तुम्हाला हसू येईल.

हुफूफला, अरबांच्या ह्या वाळवंटात, एवढी थंडी असते हे मला माहीत नव्हतं. लहानपणी तुम्ही बोटीवरून घरी आलात की मी विचारायचे, चीन कसा असतो? तुम्ही सांगायचात, शांघायची थंडी ओली, हाडात शिरते. एक जाड घालू नको, तीन पातळ घाल. जशी काय मी उद्या निघणार. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "एवढ्या लांब जाऊन हवाच बघून आलात?" तुम्ही म्हणायचात, "हवा आणि रस्ता. खलाशाला अजून काय लागतं? बोट चुकली तर राहिलो तिथेच." पाट्या वाचता येत नाहीत, धुक्यात पुढची सायकल दिसत नाही. म्हणून तुम्ही कानटोपीच्या अस्तरात चिठ्ठी शिवली होती, चिनी अक्षरात धक्क्याचं नाव. वाट चुकली की टोपी उलटी करून रिक्षावाल्यापुढे धरायची. पहिला रिक्षावाला टोपी विकताय समजून भाव करायला लागला.

तुम्हाला माती दिल्यावर आई म्हणाली, कोकणात लोकरीची टोपी कशाला, टाक. मी ठेवली. आता ती पोराच्या डोक्यावर आहे, डोळ्यांवर येते.

उद्या शेजाऱ्यांच्या गाडीतून जेद्दाला निघालेय, भाईकडे. ह्यांना कामावरचा मालक, कफील, सोडत नाय. हे म्हणाले, "तू हो पुढे, मी येतो." मी म्हटलं, कधी? तर म्हणाले, "पोराला दूध पाज."

रस्ता लांबचा, मला अरबी येत नाय, पोराला तर अजून बोलताच येत नाय. म्हणून सकाळी अस्तर उसवलं. तुमची चिठ्ठी तशीच होती, पिवळी पडलेली. काढवेना. तिच्यावरच भाईच्या नंबरची चिठ्ठी ठेवून परत शिवलं. टाका वाकडा आलाय. ह्यांना सांगितलंय, मी घाबरत नाय.

हा कागद तुम्हाला कुठे धाडू? पोराच्या दुपट्यात ठेवते. कुणी मराठी वाचणारं असेल आणि मी पोराजवळ नसले, तर टोपीचं अस्तर उसवा. खालची चिठ्ठी चिनी आहे, ती राहू द्या. वरच्यावर नंबर आहे. माझ्या भावाला फोन करा.