वेळ गेला म्हणून वेळ गेली

मु. पो. पुणतांबा

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या बन्सीचा साष्टांग नमस्कार. (भांडण चालू असलं तरी नमस्कार पुरा आहे. हात जोडायला पेन दोनदा खाली ठेवलं.) दाजींचे गुडघे, तुझं बीपी आणि पारनेरचं पाऊसपाणी ठीक असावं. इकडे आई ठणठणीत आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. गेल्या शुक्रवारी तू स्वतःच खात्री करून गेलीस.

तू फोन उचलत नाहीस आणि भावकीच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलीस, म्हणून हा कागद. सुरुवातीलाच सांगून ठेवतो, या पत्रात मी माफी मागणार नाही. ठरवलंय म्हणजे ठरवलंय. मी फक्त घडलं ते लिहिणार, मग चूक माझी की मराठी भाषेची ते तू आणि दाजींनी बसून ठरवा.

मी ग्रुपवर टाकलं ते एवढंच: ‘आईची वेळ आली. सकाळी दहा.’ यात खोटं काय आहे? आईच्या मोतीबिंदूसाठी सात महिने मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे हेलपाटे घालतोय. दर खेपेला तिथली खिडकीवरची बाई वही चाळून म्हणायची, “आजींची वेळ अजून आली नाही.” ते ऐकून ऐकून माझ्या डोक्यात तेच शब्द बसले होते. अखेर गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला, उद्या सकाळी दहाला घेऊन या. मला वाटलं, एवढी चांगली बातमी आपल्या माणसांना कळवावी. सकाळी सहाला एका बोटानं टाईप करून टाकलं आणि तेवढ्यात शेतीची लाईट आली, म्हणून मोबाईल चार्जिंगला लावून मोटर चालू करायला मळ्यात गेलो. (लाईटही आपल्याला वेळ बघूनच अडवते.) त्यानंतर तुम्ही सगळ्यांनी मिळून मला बावन्न फोन केलेत, ते मी दुपारी मोजले.

सूनबाईंचं म्हणणं, चूक लिंगाची आहे. मोनिका बी. एड. आहे, तिच्यापुढे बोलता येत नाही. ती म्हणते, “मामा, घालवतो, काढतो, वाया जातो तो वेळ. ठरलेली असते, येते, चुकते ती वेळ. आणि नुसती ‘माणसाची वेळ आली’ म्हटलं की लोक सरळ रडायला बसतात.” आता साठीत मला हे कळून काय उपयोग? शाळेत गुरुजींनी हे शिकवलं असेल तेव्हा मी बहुतेक वेळेवर गेलो नसेन.

तर लोक रडायला बसले. दाजी घोडेगावच्या बाजारात म्हशीचे दात बघत होते, ते सौदा अर्धा टाकून हातातल्या दाव्यासकट आले. सूर्यभान तर चुलत भाऊ असून सख्ख्याच्या वर निघाला. त्यानं येतानाच बांबू तोडून आणले. (ते परत नेले नाहीत. सध्या घेवड्याच्या मांडवाला लावलेत, चांगले आहेत.) आणि तू साडेनऊला जीपमधून उतरलीस ती थेट ओट्यावर बसलीस, पदर तोंडावर ओढलास आणि असा हंबरडा फोडलास की शेजारची शेळी दावं तोडून पळाली.

पुढचं मोनिकानं दारातून पाहिलं, म्हणून लिहितो. आई आत आंघोळ करून, केस विंचरून, डॉक्टरकडे जायला तयार बसली होती. तिला धड दिसत नाही, पण कानाला अजून काही झालं नाही. गावात कुणीतरी गेलं असं समजून ती भिंत चाचपत बाहेर आली आणि रीत म्हणून तुझ्याच शेजारी बसून गळा काढायला लागली. मग तुझ्या पाठीवर हात फिरवत तिनं विचारलं, “कोन गेलं गं बाई?”

तू म्हणालीस, “माझी माय गेली वो!”

“कर्म माझं! लई वाईट झालं. वय काय हुतं?”

“श्याऐंशी.”

“मंग माझ्याच वारगीची. दुखनं काय हुतं?”

यावर तू काय म्हणालीस ते मोनिकानं सांगायचीही गरज नाही, कारण ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. “भावानं न्हाई वो बघितलं तिच्याकडं!” आणि आईनं, आपल्या आईनं, जी माझ्या घरात दोन वेळ दूधभाकरी खाते, तिनं डोळे पुसत सांगितलं, “व्हय बाई, ल्योकाची जात तशीच आसती!”

अक्का, मायलेकी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या आणि दोघींनी एकमेकींचा आवाज ओळखला नाही. रडताना आवाज बदलतो, हे मान्य. पण चार वर्षांत तू उंबरा ओलांडला नाहीस हेही खरं. हे मला हसण्यावारी नेता येत नाही, म्हणून सरळ लिहिलं.

मग मी मळ्यातून आलो, गुडघाभर चिखलात. तू पदर काढलास, आईला बघितलंस आणि जी किंकाळी मारलीस त्यानं उरलेली माणसंही गोळा झाली. काळ आला होता पण वेळ आली नव्हती असं म्हणतात, इथे वेळ आली होती आणि काळ फिरकलाच नव्हता. चाळीस माणसं आली म्हटल्यावर चहा नको का? त्यात साडेअकरा वाजले. वेळ गेला म्हणून वेळ गेली. फोन लावला, तर खिडकीवरच्या बाईनं आईचं नाव खोडलेलं. एक डोळा आधीच गेलाय, उरलेल्यातला मोतीबिंदू आता पिकलाय आणि डॉक्टर फोनवरच म्हणाले की यापुढे थांबलात तर तोही हातचा जाईल.

हे ऐकून माझं डोकं फिरलं आणि मी भर ओट्यावर तुला म्हणालो, “आज बरा वेळ मिळाला?” तू चहाचा कप तसाच ठेवलास आणि जीपमध्ये जाऊन बसलीस. झालं ते एवढं. माफी मागण्यासारखं यात काय आहे ते मला दिसत नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
बन्सी

ता. क. : तू शेवटचं म्हणून आणलेलं लुगडं परत पाठवत नाही. आणलंस आईसाठीच, ते आईनं नेसलं. स्वतःच्या हातानं. रंग विचारत होती.

ता. क. दुसरा : मी त्या खिडकीसमोर दोन दिवस हटून बसलो आणि नवी वेळ काढून आणली, येता सोमवार. पण आई गाडीत बसायला तयार नाही. म्हणते, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड रतनचं, म्हणजे तुझंच, बघायचं, ती नसंल तर डोळा तरी कशाला. मी हात जोडले, मोनिकानं समजावलं. ती माझीच आई, ठरवलंय म्हणजे ठरवलंय. या खेपेला चुकलं तर मग उपाय नाही.

ता. क. तिसरा : ओट्यावर जे बोललो ते चुकलं. वर लिहिलेलं खोडलं असतं, पण कागद एकच होता.

ता. क. चौथा : आत्ता हे पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “येवढं लांबड कशाला लावलंस? ‘वेळ मिळंल तवा ये’ म्हनून चार वर्सं सांगितलं, आली न्हाई. ‘वेळ आली’ म्हनल्यावर साडेतीन तासांत आली. तेच ल्हिव.” तिच्या सांगण्यावरून लिहितो.

आईची वेळ आली. सोमवारी, सकाळी दहा.