भोंगा ओरडत नाही

ता. ४, सोमवार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, पण आज अर्धेच. उरलेले तू त्या डब्याचं काही केलंस की मिळतील.

काय लावलंय काय तुम्ही लोकांनी? दुकानासमोरच्या खांबावर तुमच्या संशोधन केंद्राने तो राखाडी डबा टांगला, तेव्हा मीच गल्लीभर सांगत फिरले की माझा भाऊ आहे यात, कुठे किंकाळी फुटली की डबा ऐकतो आणि चौकीत घंटा वाजते, आता कुणी कुणाला घाबरायला नको. आणि काल पोलीस आले ते माझ्याच लॉन्ड्रीत! झालं असं, की तो शिकवणीवाला मास्तर कपडे न्यायला आला आणि सदऱ्यावरचा जुना डाग माझ्या इस्त्रीच्या माथी मारायला लागला. मग मी बोलले. मी बोलते म्हणजे काय ते तुला माहीत आहे. माझं अजून अर्धंही झालं नव्हतं, तोच दोन शिपाई आणि एक पोलीसबाई धापा टाकत दारात. कुणाला मारलंत म्हणून मलाच विचारतात. मी सांगितलं, अजून नाही. पोलीसबाई हसली, शिपायांना काही हसू आलं नाही. त्यांनी वहीत खोटा इशारा असं टिपलं आणि गेले. मास्तर त्या गडबडीत सटकला. आता समोरची शिंपीण मला दिसली की ओठांवर बोट ठेवते. तुझे भाऊजी तर म्हणतात, मी जे तीस वर्षांत करू शकलो नाही ते मेव्हण्याने एका डब्यात केलं. तर त्याला आधी भांडण आणि मारामारी यातला फरक शिकव, मग शहरभर टांगत बस.

दुसरं. आपला भोंगा गेल्या आठवड्यात दोन दिवस राहून गेला. माझ्या पोरीचं हे नाव तूच ठेवलंस ना? तिसऱ्या मजल्यावरून मामा म्हणून हाक मारायची, तर रस्त्यावरचे सगळेच मामा वर बघायचे. ती पोर आता इतकं हळू बोलते की मी काय काय तपासून दमले. घसा बघितला, लाल नाही. ताप नाही. न्यायला आले तेव्हा जावईबापूंना विचारलं, तर म्हणाले की संसारात पडलं की पोक्तपणा येतो. मी इतकी वर्षं संसारात पडलेली आहे, मला कुठे आला? जावई तुझ्या हाताखाली डबे बसवतो, स्थळही तूच आणलंस. जरा कानोसा घे आणि कळव.

लोभ आहेच, पण त्याच्या भरवशावर आळशीपणा करू नकोस.

तुझी ताई


ता. ९, शनिवार

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

अर्धे आशीर्वाद पोचले. अर्ध्यानेही घर दणाणले.

तुझा प्रसंग केंद्रात वाचून दाखवला. सगळे पोट धरून हसले. अगं, डब्याला शब्द कळत नाहीत. किंकाळी, काच फुटणे, स्फोट असे आवाज तो ओळखतो, आणि तुझा आवाज त्याने सरळ किंकाळीत धरला. आमचे साहेब म्हणाले, या बाईंना पगारावर ठेवा. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, बाजारामागच्या रस्त्यावर हे डबे लागल्यापासून लूटमार बरीच कमी झाली. एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला चोर मारत होते, त्याची एकच आरोळी डब्याने ऐकली आणि माणूस वाचला. अशा वेळी पाच वर्षांचे श्रम सार्थकी लागल्यासारखे वाटते.

भोंग्याची काळजी सोड. मी जावयाशी बोललो, तो म्हणाला सारे छान आहे. आणि त्यांची गल्ली तर आमचा अभिमान! तिथून आजवर एकही इशारा आलेला नाही. महिनाअखेरीच्या अहवालात ती आदर्श गल्ली म्हणून दाखवणार आहोत. डबा तर अगदी त्यांच्या खिडकीबाहेर आहे. काही वावगे असते तर मला सगळ्यांत आधी कळले असते. पोर सुखात आहे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आणि आवाज दोन्ही असू द्यावे, दुसरा जरा कमी.

तुझा धाकटा


ता. १२, मंगळवार

ती. आईस नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडेही असेलच.

तू मामाला काही विचारायला सांगितलंस, असं ह्यांच्याकडून समजलं. आई, असं करू नकोस. कामाच्या ठिकाणी त्यांना ते अवघड होतं. माझा आवाज मुळात लहानच आहे. तुम्हालाच तो मोठा वाटायचा.

येणार असलीस तर दुपारी ये, म्हणजे संध्याकाळच्या आत निघता येईल. आणि आल्यावर जरा हळू बोल.

बाबांना नमस्कार. काळजी करू नये, ही विनंती.

तुझी मुलगी


ता. १५, शुक्रवार

धाकट्या,

पोरीने मला विनंती केली. काळजी करू नये, ही विनंती! जिने कधी माझ्याकडे पाणीसुद्धा नीट मागितलं नाही, नुसती बोंब ठोकली, ती मला विनंती करते. मी दुकान तुझ्या भाऊजींच्या गळ्यात टाकलं आणि तडक गेले.

घर बघितलं. खुर्च्यांच्या पायांना रबर. कपाटाच्या दारांना चिंध्या. भांडी मांडते तर दोन भांड्यांच्या मध्ये फडकं. नळ असा सोडते, जसं काही पाण्याला झोपेतून उठवायचं नाहीये. मी म्हटलं हे काय सोंग. तर म्हणाली, ह्यांना आवाज चालत नाही. खिडकीबाहेर डबा आहे, आणि डबे बसवणाऱ्याच्याच घरातून इशारा गेला तर केंद्रात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं ते सांगतात. मला आधी हसूच आलं. मग ती वरच्या फळीवरची बरणी काढायला गेली आणि बाही मागे सरकली. दंडावर बोटं उमटलेली. निळी. त्याच्याखाली पिवळी पडलेली, आधीची.

मी तोंड उघडलं, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. डोळे खिडकीकडे. शेजारी कुणी आजारी असलं की मी तिच्या तोंडावर ठेवायचे ना, अगदी तसा. आणि ऐक, मी गप्प बसले. मी! गप्प बसून तिने दिलेलं पाणी प्यायले आणि बस पकडून घरी आले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. मास्तराचा दुसरा सदरा जाळला, आणि या वेळी खरंच जाळला.

तू लिहितोस इशारा नाही, म्हणजे पोर सुखात. तिकडे तो जावई त्याच डब्याचा धाक घालून तिचं तोंड दाबतोय. तू त्या घरी येऊन जाऊन असतोस. तुला काहीच दिसलं नाही? जे असेल ते लिही. गोड करून नको.

आशीर्वाद मागाहून बघू.

ताई


ता. २०, बुधवार

ती. ताईस नमस्कार.

तुझे पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. दिसले होते, ताई. तेव्हा ते मला कळले नाही.

डबा बसवला की आम्ही त्याची परीक्षा घेतो. घरातल्या बाईला सांगतो, खिडकी लावा आणि जिवाच्या आकांताने ओरडा. डब्याने ते ऐकले तर तो पास. लोकांना यात मोठी मजा वाटते. त्या गल्लीतली एक आजी तर थांबायलाच तयार नव्हती. भोंग्याची पाळी आली तेव्हा मीच तिला म्हटले की आता डब्याच्या कानठळ्या बसव. तिने तोंड उघडले. आवाज आला नाही. पुन्हा उघडले. नाही. ती खिडकीतून शिडीवर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत होती. तो हसला आणि म्हणाला की तिचा स्वभावच सौम्य आहे. मीही हसलो, आणि शेजारणीला बोलावून तिच्याकडून ओरडून घेतले. डबा पास झाला.

तिसऱ्या मजल्यावरची ती हाक माझ्यासाठीच असायची. आणि मी सौम्य हा शब्द ऐकून घेतला.

पण ताई, थोडे माझेही ऐक. अहवाल महिनाअखेरीला जातो. त्यावर साऱ्या शहरात डबे लागायचे की नाही, हे ठरणार आहे. ज्या गल्लीला आम्ही आदर्श म्हटले तिथेच असे घडले, हे मी आज बोललो तर सगळे काम बासनात जाईल, आणि त्या पहारेकऱ्यासारखी माणसे मरतील. एकदा अहवाल जाऊ दे. मग मी जावयाशी माझ्या पद्धतीने बोलतो. तोवर तू संयम धर, एवढी कृपा कर.

तुझा धाकटा


ता. २५, सोमवार

धाकट्या,

संयम धर म्हणे. पत्र हातात पडलं तेव्हा धरला, चहा होईपर्यंत. मग चप्पल घातली.

मुद्दाम संध्याकाळी गेले, जावई घरी असताना. पोरीला सांगितलं, चार कपडे घे आणि चल. तो दारात येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही हं त्याने. गालातल्या गालात हसत, सासूबाई बसा, चहा घ्या, असं गोड गोड बोलत होता आणि खाली तिचं मनगट पिरगाळत होता. मी भोंग्याला म्हटलं, ओरड. तिने तोंड उघडलं आणि तू लिहिलंस तस्संच झालं. आवाज नाही. मग मी खिडकी उघडली आणि त्या डब्याच्या तोंडाशी मीच ओरडले. मास्तराच्या वेळची ती तालीम होती असं समज. जावयाचा हात आपोआप सुटला.

आले पोलीस. सगळ्या डब्यांची घंटा वाजते ती चौकी एकच, त्यामुळे पोलीसबाई तीच. मला बघून तिने कपाळाला हात लावला. मग तिला पोरीचं मनगट दिसलं. तिने जावयाला शिपायांबरोबर खाली पाठवलं, दार लावलं, आणि भोंग्याला टेकून बसली. पोर इतकं हळू बोलत होती, की त्या बाईला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. पण बोलली. सगळं बोलली. म्हणून मी तुझा डबा काढून टाक म्हणत नाही. आला कामाला. उरलेले अर्धे आशीर्वाद त्याला दिले.

आता पुढचं. पोर माझ्याकडे आहे. येत्या रविवारी जावई आपले वडीलधारे आणि तुझ्या साहेबांना घेऊन तिला न्यायला येतोय. त्याचं म्हणणं असं, की त्याच्या घरातून कधी इशारा गेला नाही, गल्ली आदर्श असल्याचं केंद्रच सांगतं, आणि जो एक गेला तो सासूचा, आणि सासूच्या नावावर खोटा इशारा आधीच लागलेला आहे. बघ कसं जुळवलंय. पोलीसबाई म्हणाली की पोरीचं म्हणणं नोंदवलंय, पण समोरचे लोक केंद्राच्या नोंदीतली त्या घराची शांतता पुढे करतील. ती शांतता कसली होती हे केंद्रातल्याच माणसाने येऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी. असा माणूस एकच आहे. परीक्षेच्या दिवशी समोर उभा होता तो.

तुझं काम बासनात जाईल म्हणतोस. मला अहवालातलं कळत नाही. पण पहारेकरी ओरडला म्हणून वाचला. ज्यांना ओरडताच येत नाही त्यांच्या घरांना आदर्श म्हणू नका, तिथे कुणीतरी जाऊन दार वाजवा, एवढं त्यात लिहिलंस तर काम बुडेल की सुधारेल? आणि बुडालंच तर बुडू दे. पुन्हा कर. तुला डोकं आहे.

काल तो मास्तर आला. त्याची पिशवी इथेच विसरून निघाला. माझे हात इस्त्रीत अडकलेले, म्हणून भोंग्याने त्याला हाक मारली. पहिली मलाही ऐकू आली नाही. दुसरी उंबऱ्यापर्यंत गेली. तिसरीला मास्तर वळला. तो पिशवी घेऊन गेला तरी ती किती वेळ खांबाकडे बघत उभी होती, कुणी येतं की काय म्हणून. समोरची शिंपीण फक्त हात हलवून गेली.

मला शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. येतो किंवा येत नाही, बाकी मजकूर नको. रविवारी माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी ठेवते. शनिवार गेला आणि तुझा कागद आला नाही, तर मी समजेन की तूही तोंड उघडलंस आणि आवाज आला नाही. तिला निदान कारण होतं.

ताई