क्रियापदाला विचारलेलं ‘कसं’

अब्बा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरचा राग कमी होत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. इथल्या भारतीय शाळेत मी सहावीला इंग्रजी शिकवते. तुम्हाला हेच तर हवं होतं. आज क्रियाविशेषणं शिकवली. मुली एका सुरात ‘स्लोली’, ‘केअरफुली’ म्हणत होत्या आणि माझं डोकं तापत होतं.

हे शब्द तुम्ही सौदीतल्या याच राबिघच्या रिफायनरीत, सेफ्टीच्या पाट्यांवरून उचललेत. पाइप फिटरला तेवढं इंग्रजी पुरत होतं. पण मुलगी मागे पडायला नको, म्हणून दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की फोन करून माझी परीक्षा घ्यायचात. मी आठवडाभर तुम्हाला सांगायच्या गोष्टी साठवायचे. शर्यतीत पहिली आले हे सांगायला जावं, तर तुम्ही म्हणायचात, “नुसतं ‘रॅन’ नको. कशी धावलीस ते बोल.” क्रियापदाला ‘कसं’ विचारत राहिलात. मी कशी आहे, हे कधी विचारलंत?

तो एक शुक्रवार तर मी विसरूच शकत नाही. अम्मी तापाने फणफणली आहे, श्वास घेताना तिची छाती वाजते आहे. मी फोन धरून उभी आहे आणि तुमचा नियम म्हणून इंग्रजीत सांगते आहे, “मदर इज कफिंग व्हेरी बॅड.”

“बॅडली. परत बोल.”

“बॅडली. अब्बा, अम्मीला...”

“पुरं वाक्य बोल.”

मी पुरं वाक्य बोलले. तुम्ही “शाब्बास” म्हणालात आणि तुमचं फोनकार्ड संपलं. त्याच संध्याकाळी शेजारच्या चाचांच्या रिक्षातून मी अम्मीला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. घरातलं मोठं कोण आलंय, असं डॉक्टर विचारत होते आणि मी, पाचवीतली पोर, “मीच” म्हणत होते. अम्मी वाचली. पण एका शब्दाच्या शेपटासाठी तुम्ही माझं ऐकलं नाहीत. पुढच्या शुक्रवारी सगळं कळल्यावर फोनवर रडलात. मला मात्र तेव्हा रडू आलं नाही, आणि तुम्हाला माफही करता आलं नाही.

पुढे तुम्ही इथेच गेलात, इथल्याच कबरस्तानात तुम्हाला दफन केलं. इथल्या रिवाजाप्रमाणे कबरीवर नाव नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठे?

नवऱ्याच्या नोकरीमुळे राबिघला आले, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे त्यांना खमीस मुशैतला याहून चांगली नोकरी मिळत होती, तीही थंड हवेच्या गावात. राबिघच हवं म्हणून मीच हटून बसले. का, ते त्यांनाही सांगितलेलं नाही.