शून्य मिनिटांचा धडा

११ नोव्हेंबर
पुन्हा तेच. मी क्वेचौ प्रांताच्या डोंगरातून आलेला, सातवीत शाळा सोडलेला — शेजारच्या टेबलावरच्या ओउयांगदादाला दुसरा विषयच नाही. जेवणानंतर ऑफिसात सगळे टेबलावर मान टाकून झोपतात, तेवढ्यात माझ्या पडद्यात डोकावतो. "न्ये, कोड लिहितोस की नूडल्स शिजवतोस?" बरं. पण नेटवरच्या सुरक्षा-धड्यांच्या व्हिडिओची लांबी आपोआप काढायचं काम आमच्या साहेब शिएताईंनी मलाच दिलं ना! क्रेन चालवणाऱ्यांनी तेवढी मिनिटं धडा पाहिला की नावापुढे हिरवी खूण. खूण नाही तर क्रेनवर चढायचं नाही.

१४ नोव्हेंबर
काही व्हिडिओंची लांबी रिकामी येत होती, पान अडकत होतं. एक ओळ घातली — रिकामं आलं तर शून्य धर. आता अडकत नाही. शिएताई म्हणाल्या, "शिकलेल्यांपेक्षा चटपटीत आहेस." दिवसभर खुशीत.

२० नोव्हेंबर
मोठा घोळ झालाय.
नव्या क्रेनचा धडा अडतीस मिनिटांचा. त्रेचाळीस जणांनी तो एका सेकंदात पुरा केलाय. व्हिडिओ नेटवरून यायला वेळ लागतो, माझा कोड त्याआधीच लांबी विचारून मोकळा. उत्तर रिकामं, म्हणून शून्य. शून्य मिनिटांचा धडा उघडताक्षणी संपतो. हिरवी खूण.
ओळ माझीच.
फाईल स्वतः लांबी सांगेपर्यंत थांबायला लावलं कोडला. अर्ध्या तासाचं काम. आता नीट अडतीस येतंय. पण ते त्रेचाळीस?

२१ नोव्हेंबर
शिएताईंना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "पुढचं बरोबर झालं ना? मग मागचं उकरू नकोस. बांधकामवाले करार मोडतील." ओउयांगदादा बाहेरच उभा होता. टोमणा मारला नाही. याचीच जास्त भीती वाटली.
त्या त्रेचाळीसांच्या यादीतल्या पहिल्या नावाला फोन लावला. छ्यू मावशी, बावीस वर्षं क्रेनवर. "धडा? अरे पोरा, उघडला नि हिरवं झालं. म्हटलं, मशीनलाही कळायला लागलं कोण जुनंजाणतं ते. वर आहे मी, ठेव." मागे वाऱ्याचा आवाज.

२२ नोव्हेंबर
ती त्रेचाळीस नावं पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

२३ नोव्हेंबर
सकाळी सव्वाआठला त्रेचाळीसच्या त्रेचाळीस खुणा काढून टाकल्या. कुणाला विचारलं नाही. नऊ क्रेन थांबल्या.
छ्यू मावशींचा फोन — "मेल्या, शंभर मीटर शिडी उतरायला लावलीस. आजचा रोज कोण देणार, तुझा बाप?" ऐकून घेतलं.
चारच्या सुमाराला पुन्हा फोन. आवाज बसलेला. "पाहिला धडा. काम संपवून उतरताना क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा सोडतो ना आम्ही — जुनीत कळ एकदा दाबली की सुटायचा. हिच्यात दोनदा दाबावी लागते. मी चार दिवस एकदाच दाबून उतरतेय, म्हणजे हात अडकलेलाच. जोराचा वारा आला असता तर आडवी झाली असती रे, खाली वस्ती आहे." मग म्हणाल्या, "जेवलास का?"

२६ नोव्हेंबर
शिएताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टेबल रिकामं कर." ओउयांगदादा खोकं उचलून लिफ्टपर्यंत आला. "कोडला थांबायला लावलंस ना, ते मी कुणाला काढू देणार नाही," एवढंच बोलला.
राहिलेला पगार आला. खोलीचं भाडं देऊन उरले तीन हजार साठ युआन. आईला काही कळवलं नाही. घरी पाठवले नेहमीसारखेच — तीन हजार.