उन्हाची सुट्टी

रॉइटलिंगन, ५ मे १९५७

ती. सासूबाईंना,
लॉरेनचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तळ्यावरचा बर्फ यंदा उशिरा फुटला आणि बटाटे तुम्ही एकट्यानेच लावलेत, हे मर्लने मला दोनदा वाचून दाखवलं. मामंजी गेल्यानंतरचा हा पहिलाच वसंत. अशा वेळी मुलाने समुद्रापलीकडची नोकरी धरायला नको होती, असं तुम्ही लिहिलं नाहीत. पण आम्ही दोघांनी ते वाचलं.

इकडचं म्हणाल तर जर्मनीत येऊन चार महिने झाले तरी माझं दुकानांच्या वेळांशी भांडण चालूच आहे. दुपारी सगळं बंद. शनिवारी दुपारी दारं लागली की सोमवारपर्यंत उघडत नाहीत. मागच्या शनिवारी पाव संपला आणि दोन दिवस आम्ही उकडलेल्या बटाट्यांवर काढले. दुकानात शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असा नमस्कार करावा लागतो. मी विसरले, तर बेकरीवालीला मी दिसतच नाही. मर्ल विणकामयंत्रांच्या कारखान्यात खूश आहे. यंत्रांना भाषा लागत नाही, असं म्हणतो.

खालच्या मजल्यावर हेबर्लेबाई राहतात. लढाईत नवरा गेलेला, वय तुमच्याएवढं, पाठ ताठ. जिना एक आठवडा त्यांनी पुसायचा, एक आठवडा मी. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी टांगलेली असते. मी पुसून झालं की त्या कठड्याच्या खालून बोट फिरवतात. परवा विचारत होत्या, अमेरिकेत धूळच नसते का, की मळलेला जिना फेकून तुम्ही नवा आणता? मर्लने मला याचा अर्थ सांगितला आणि वर हसला. त्याच्याशी मी दिवसभर बोलले नाही.

ईस्टरनंतर विनी शाळेत जाऊ लागली. साडेसात वर्षांची झाली, तरी भाषेपायी पहिलीतच बसवलंय. पहिल्या दिवशी इथे प्रत्येक मुलाच्या हातात मिठाईने भरलेला, जवळजवळ त्याच्याएवढा कागदी शंकू देतात. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. चाळीस मुलांत आमची एकटी रिकाम्या हातांनी उभी. हेबर्लेबाई म्हणाल्या, हे काय सांगायचं असतं? त्या दिवशीचा फोटो पाठवत नाही.

तुम्ही विनीला मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिता ती पत्रं ती कुणाला दाखवत नाही. दप्तरात ठेवते. आजी-नातीचं गुपित म्हणून मीही मागत नाही.

कळावे. रागावलात तरी लोभ कमी करू नये.
तुमची,
लॉरेन


फर्गस फॉल्स, मिनेसोटा, १८ मे १९५७

चि. सौ. लॉरेनला,
अ. उ. आशीर्वाद.

फोटो पाठवला नाहीस तरी मला दिसला. ती खालची बाई मला आवडली. तुझा जिना मी इथेही पाहिलेला आहे.

थट्टा पुरे. मी सरळ लिहिणारी बाई आहे. आमच्या चर्चमधले एंगब्रेटसन नवरा-बायको नॉर्वेला गेलेत, ते ऑगस्टअखेर बोटीने परत येताहेत. बोट जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदरात थांबते. मी त्यांना विचारून ठेवलंय. विनीला ते सोबत आणतील. मर्लच्या नोकरीची दोन वर्षं होईपर्यंत पोर माझ्याकडे राहील, इथल्या शाळेत जाईल, सगळे बोलतात ती भाषा बोलेल. मर्लची जुनी खोली रंगवून घेतली. पिवळा रंग तिनेच निवडलाय, मी पत्राने विचारलं होतं.

तू म्हणशील, आई असताना आजीकडे कशाला? आई कुठे आहे? दुकान उघडायची वाट बघत दारात. मुलीला शाळेत काय लागतं तेही आईला माहीत नाही. तुला लागेल असं लिहिते आहे, कारण मला लागलं. बोटीवरची जागा धरायची तर पंधरा जुलैपर्यंत कळवायला हवं.

मर्लला कारखान्याच्या पत्त्यावर वेगळं लिहिलंय.

तब्येतीला जप. मायेत अंतर नाही, रागातही नाही.
ॲडलीन ब्रॅन्डव्होल्ड


रॉइटलिंगन, ९ जून १९५७

ती. सासूबाईंना,
सा. न. वि. वि.

मर्लच्या कोटाच्या खिशात त्याला लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. त्याने दाखवलं नव्हतं. तेव्हापासून आमचं या घरात हळू आवाजात भांडण चालू आहे. इथे भिंती पातळ आणि विनीचे कान तिखट. मर्लचं म्हणणं, पोरगी शाळेतून येते ती तोंड शिवून. मुलं तिला काउबॉय म्हणून हाका मारतात, मधल्या सुट्टीत ती भिंतीशी एकटी डबा खाते. तुमच्याकडे निदान हसेल तरी. मी नाही म्हणते. तो बघू म्हणतो. लग्नाला दहा वर्षं झाली, त्याचं बघू कुठे जाऊन थांबतं ते मला माहीत आहे.

तुम्ही लिहिलंत ते लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. पण मुलीला लागतं काय, हे शिकायला मला तिच्याजवळ राहावं लागेल. ती तिकडे आणि मी इकडे, मग कुठून शिकणार?

परवा तिने बाबांकडून बोटीतून उतरून आम्ही इथे आलो त्या रेल्वेचा नकाशा काढून घेतला, कुठे गाडी बदलली तेसुद्धा. तेवढाच आनंद. निदान या देशाबद्दल काही तरी विचारू लागली.

पंधरा जुलैच्या आत उत्तर येईल. ते माझ्या हाताने लिहिलेलं असावं, एवढीच माझी धडपड आहे.

कृपा असू द्यावी.
लॉरेन


रॉइटलिंगन, ४ जुलै १९५७

सासूबाई,
सा. न.

विनी सुखरूप आहे. हे वाक्य आधी लिहिते, कारण मंगळवारी दुपारी मला ते कुणी सांगेपर्यंत माझं काय झालं होतं ते तुम्हाला एका ओळीपुरतंही भोगायला लावायचं नाही.

गेला आठवडाभर इथे भट्टीसारखं ऊन आहे. असं ऊन पडलं की दहाच्या सुमाराला हेडमास्तर पारा बघतात आणि शाळा सोडून देतात. उन्हाची सुट्टी. चिठ्ठी नाही, निरोप नाही. सगळ्या आयांना माहीत असतं, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. मी तळघरात कपडे धूत होते. बारा वाजता हेबर्लेबाई खाली आल्या आणि टोमण्याच्या सुरात म्हणाल्या, मुलीला जेवायला कधी घालणार, सगळी पोरं साडेदहापासून रस्त्यावर आहेत. मी म्हटलं, विनी शाळेत आहे. त्यांचा चेहरा उतरला. त्या चेहऱ्यावरून मला कळलं.

ओल्या हातांनी शाळेपर्यंत धावले. फाटकाला कुलूप. पोहण्याच्या तलावावर नाही, बागेत नाही. गावातून ओढा जातो, एकेकाळी त्यावर पाणचक्क्या होत्या, आता नुसते बांध उरलेत. प्रत्येक बांधाशी वाकून बघितलं. एका ठिकाणी पाण्यात काही तरी लाल दिसलं. ती बादली होती. सासूबाई, ती बादली होती.

परत आले तर हेबर्लेबाईंनी मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. घरात कुणी तरी हवं, मुलगी आली तर दार कोण उघडेल, असं दरडावलं आणि स्वतः एप्रनवरच बेकरीतल्या फोनकडे गेल्या. कारखाना, पोलीस, मग स्टेशन. स्टेशनवरचा माणूस म्हणाला, असली मुलगी पाहिली नाही. बाई त्याला म्हणाल्या म्हणे, पाहिली नाही हे मला नको सांगू, पुढच्या स्टेशनांना विचार.

अडीच वाजता कळलं. प्लोखिंगनला, जिथे गाडी बदलते तिथे, तिला उतरवून ठेवलं होतं. आमच्या स्टेशनवर तिकीट तपासतात त्या फाटकातून ती एका पाच मुलांच्या कुटुंबामागून आत शिरली होती. डब्यात तिकीट विचारलं तर एकच शब्द: ब्रेमरहाफेन. नाव सांगेना, गाव सांगेना. स्टेशनमास्तरने सरबत दिलं, ते प्यायली आणि थँक्यू म्हणाली. आम्ही पोचलो तेव्हा दप्तर मांडीवर घेऊन ताठ बसली होती. रडली नाही. तुम्ही रागावलात का, एवढंच विचारलं.

दप्तरात बाबांचा नकाशा होता, पावाचा तुकडा होता आणि तुमचं पत्र होतं. तुम्ही तिला लिहिलं होतंत, की आईबाबांना विचारत बसू नको, ते नुसतं बघू म्हणतात. फारच झालं की सरळ गाडीत बस आणि ये, आजी दारात उभी असेल.

मर्लने ते तिथेच, फलाटावर उभ्याने वाचलं. मग घडी घालून माझ्या हातात दिलं. त्याचं बघू त्या फलाटावर संपलं. एंगब्रेटसनना नाही म्हणून कळवा. यापुढे विनीच्या नावाचं प्रत्येक पाकीट आधी मी उघडीन. ब्रेमरहाफेनहून पुढे ती काय करणार होती ते अजून कुणाला सांगत नाही.

संध्याकाळी हेबर्लेबाई मसुरीचं पातेलं घेऊन आल्या. विनीला पोटभर वाढलं आणि जाताना मला म्हणाल्या, पाटी सोमवारपासून तुमच्या दारावर आहे. मी जिना पुसला. पुसताना रडले. त्यांनी बोट फिरवलं नाही.

आज चार जुलै, आपल्याकडे फटाके असतील.
लॉरेन


फर्गस फॉल्स, १५ जुलै १९५७

चि. सौ. लॉरेनला,
अनेक आशीर्वाद, घेशील तर.

दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात, मी ते थट्टेत लिहिलं होतं असं म्हटलं होतं. तसं नव्हतं. थट्टा होती म्हटलं असतं तर तुझीही सुटका झाली असती आणि माझीही. मला विनी हवी होती. सकाळी कॉफी एका कपाची करते आणि अजूनही माप चुकतं. पोर आली तर घरात पुन्हा कुणाला तरी हाक मारता येईल, एवढंच डोक्यात. ती खरंच निघेल हे मनात आलं नाही. ही सबब नाही. आजीच्या मनात ते यायला हवं होतं.

एंगब्रेटसनना तार केली. इथे चर्चमध्ये नात येणार म्हणून सगळ्यांना सांगून बसले होते, तेव्हा रविवारी उभी राहून, माझ्यामुळे काय झालं तेही सांगितलं. नंतर सगळे कॉफीला बसले. शेजारच्या डॅग्नी सोलीने माझा कप भरला.

लाल बादलीच्या ओळीपुढे मला दोन दिवस वाचता आलं नाही.

विनीसाठी पत्र सोबत आहे. पाकीट उघडंच ठेवलंय. तिला लिहिलं आहे की आजीने चुकीचं सांगितलं. गाडी माझ्या दारापर्यंत येत नाही, मध्ये समुद्र आहे, आणि आईबाबांना न विचारता कुठेही जायचं नाही, आजीकडेसुद्धा नाही. तुला योग्य वाटलं तर दे.

मर्लचं एकही अक्षर नाही. त्याला म्हणावं, शिव्या घाल, पण लिही.

त्या खालच्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या जागी मी असायला हवं होतं.

या पत्राला उत्तर आलं नाही तरी माया तीच समज.
ॲडलीन


रॉइटलिंगन, २८ जुलै १९५७

प्रिय आजीला,
विनीचा नमस्कार.

हे पत्र आईने वाचायचं ठरलं आहे, म्हणून नीट अक्षर काढते आहे. तुझं पत्र तिने मला दिलं.

आजी, मला माहीत आहे की मध्ये समुद्र आहे. बोटीतून येताना मी तो आठ दिवस पाहिला. मी काही वेडी नाही. मी ब्रेमरहाफेनपर्यंतच येणार होते. तिथे बोटीच्या धक्क्यावर बाक आहेत, त्यावर बसून राहणार होते. पुढचं तू यायचं होतं. तू मला नेलंस तर आई एकटी पडेल आणि मी नाही आले तर तू एकटी पडशील, म्हणून मी ते मधलं ठिकाण शोधलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सगळे आधीच हळू आवाजात भांडत होते.

काल आईला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, पुष्कळ वेळाने परत आली. मग बाबांना हाक मारून म्हणाली, ऐकलंस का ही काय म्हणते. बाबा म्हणाले की तुझ्या कोंबड्या डॅग्नीबाई सांभाळतील का ते विचार. आई म्हणाली की इथे तुझी खोली छोटी असेल, पण खिडकी मोठी आहे, आणि तिने हे तुला स्वतः लिहिण्याआधी मी लिहावं.

शाळेत आता उर्सुला नावाची मुलगी माझ्याशेजारी डबा खाते. ती विचारते, गाडीत भीती वाटली का? मी नाही म्हणाले. तुला खरं सांगते, वाटली.

तू कोणत्या बोटीने येतेस ते लवकर लिही. मी त्या बाकावर आधीच येऊन बसेन. या वेळी आईबाबांना विचारून, त्यांना सोबत घेऊन.

तुझी,
विनी