घर सूनबाईला, अटीशिवाय

सर्वांत आधी माफी मागतो, की हे लिहायला मी फार उशीर केला. पत्नी हयात होती तेव्हाच वकिलांनी सांगितलं होतं. गेल्या उन्हाळ्यात पाळकसाहेबांनी सांगितलं. खालच्या शिंप्याने तर कोरा कागदच आणून दिला. पण कागद समोर घेतला की मला वाटायचं, इथे सही केली की तिकडे छातीत कळ येणार. शेवटी तो कागद मी फडताळात अंथरला. त्यावर डबे ठेवून तो मळला, म्हणून हा दुसरा.

मी, खाली सही करणारा, धंद्याने गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा, विधुर, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या समोर बसून लिहितो, की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरांकडून लिहून घेतलं आहे. दोन डॉक्टरांकडून घेतलं, कारण एकाचा कागद हरवला तर काय. मला कोणी दटावलेलं नाही, पढवलेलं नाही. शाळा मी लवकर सोडली, तेव्हा कायद्याचा एखादा शब्द चुकला असेल तर अर्थ धरावा, शब्द सोडून द्यावा.

कलम पहिलं. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचा सज्जा आणि जिन्याखालची कोठडी ही माझी स्वकष्टार्जित स्थावर मालमत्ता आहे. माझ्यामागे ती सगळी माझ्या सूनबाईच्या एकटीच्या मालकीची होईल. ती माझ्या दिवंगत मुलाची विधवा. हा शब्द वकिलांनी घालायला लावला, माझ्या हाताने तो उमटत नव्हता. तिने इथे राहावं, भाड्याने द्यावं, विकावं, नाहीतर कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकावी. मला विचारण्याचा प्रश्न नाही. मी असतो तर घाबरून नकोच म्हणालो असतो.

या घराला कसलीही अट नाही. तिने दुसरं लग्न केलं तरी घर तिचं. ती दुसऱ्या गावी गेली तरी तिचं. ती चर्चमध्ये येवो न येवो, घर तिचं. हे मी दोनदा लिहिणार होतो. वकील म्हणाले, एकदा पुरतं.

पुरत नाही, हे मला माहीत आहे, कारण मला धाकटा भाऊ आहे. तो चर्चच्या कमिटीत आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी उपासना संपल्यावर तो इथे आला आणि चपला न काढताच म्हणाला, "दादा, मी ऐकलं ते खरं का?"

"तू काय ऐकलंस त्यावर आहे."

"घर तिच्या नावावर करतोयस? ती तीन वर्षं चर्चची पायरी चढली नाही."

"जिना चढते रोज. माझी औषधं घेऊन."

"मस्करी नको. निदान एक ओळ घाल. विश्वासात राहिली तर घर तिचं, एवढीच."

"आणि राहिली की नाही हे कोण तपासणार?"

"कमिटी."

"कमिटीला अजून स्वतःचा माइक दुरुस्त करून घेता आलेला नाही," मी म्हणालो. तो चिडून निघून गेला आणि छत्री विसरला. ती छत्री या मृत्युपत्रात धरू नये. ती त्याची आहे.

आता अट का नाही, त्याचं कारण. कारण देणं कायद्याने लागत नाही, पण मला राहवत नाही.

माझा मुलगा रक्ताच्या आजाराने गेला. तो आजारी होता तेव्हा चर्चमधल्या सगळ्या मंडळींनी प्रार्थना केली. पाळ्या लावून केली, उपास धरून केली. तरी तो गेला. त्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात धाकटा म्हणाला, "कुठेतरी आपलाच विश्वास कमी पडला." सूनबाई बाकावर बसली होती. तिने ते ऐकलं. दफनानंतर तिने चर्चचे कपडे धुतले, इस्त्री केली आणि ट्रंकेत ठेवून दिले.

मी मात्र ते वाक्य घेऊन घरी आलो. माझा स्वभावच असा, की मी घराबाहेर पडलो की कडी बघायला तीनदा परत येतो. पत्नी म्हणायची, "अहो, तुम्ही काळजी देवाच्या हातात देता खरी, पण तिचं शेपूट सोडत नाही." आमच्या धंद्यात गॅस कुठून गळतोय हे बघायला प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावतात. फुगा आला की गळती तिथेच. जन्मभर मी तेच केलं, आणि मुलगा गेल्यावर तेच स्वतःवर करायला लागलो. अमुक दिवशी प्रार्थना करताना मला डुलकी लागली होती, तेव्हा गळाला का विश्वास? तमुक दिवशी मी दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता विचारला, म्हणजे देवावर संशय घेतला का? एकेक दिवस काढायचा, फेस लावायचा, फुगा येतो का बघत बसायचं. खाणं गेलं, झोप गेली. देवाशी बोलणंही बंद झालं, कारण बोलायला तोंड उघडलं की वाटायचं, हेही तपासलं जाणार.

सूनबाईने हे किती दिवस पाहिलं कोण जाणे. एकदा शेगडीवर चहा ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाबा, आता गळती शोधणं बंद करा. तो देव आहे. सिलिंडर नाही."

मी तिला म्हणालो, "तू तर मानत नाहीस ना आता?"

"मी मानत नाही. पण मानायचंच असेल तर धड तरी माना."

पुढे माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी बांधली. आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय मोठ्याने वाचायची रीत होती. मुलगा वाचायचा. तो गेल्यापासून पुस्तक मिटलेलं होतं आणि त्यात त्याची खूण होती, कापडी मोजपट्टीचा एक तुकडा. पट्टी बांधली त्या संध्याकाळी सूनबाईने ताटं उचलली, पुस्तक काढलं आणि खुणेपासून वाचायला सुरुवात केली. आधीच सांगितलं, "मला यातलं काही पटत नाही. मी फक्त वाचणार. मानायचं काम तुमचं."

मी "बरं" म्हणालो. पण खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडेही मानायला काही शिल्लक नव्हतं. मी बरं म्हणालो ते तिच्यासाठी. नाहीतर जेवण झालं की ती खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. म्हटलं, वाचण्याच्या निमित्ताने तेवढा वेळ तरी माणसात बसेल. ती वाचत होती माझ्यासाठी आणि मी ऐकत होतो तिच्यासाठी, असं आमचं चाललं होतं. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. आता कळेल.

पट्टी निघाल्यावरही वाचन चालू राहिलं. सर्वस्व गमावलेल्या एका माणसाशी देव वादळातून बोलतो, त्या जागी एक दिवस ती मध्येच थांबली आणि पुस्तक टेबलावर आपटलं. "हे काय बोलणं झालं? माणसाचं सगळं हिरावून घ्यायचं आणि वर त्यालाच विचारायचं, तू कोण रे?"

मी म्हणालो, "तसं नाही ते."

"मग कसं आहे?"

मला कुठे येत होतं? पण मी बोलत सुटलो. म्हणालो, तो निदान बोलला तरी त्याच्याशी. वादळात का होईना, आला. ज्याला सोडूनच द्यायचं त्याच्याशी कोण इतकं बोलतं? ती म्हणाली, मला नाही पटत. मी म्हणालो, नको पटू दे, पण ऐक तरी. भांडण इतकं रंगलं, की शिंप्याने खालून काठीने ठोकलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतका वेळ मी देवाची बाजू घेत होतो. कुणी नेमलं नव्हतं, तरी घेत होतो. त्या रात्री मी प्रार्थना केली. लहानशीच केली आणि फेस न लावता झोपलो.

म्हणून अट नाही. जी स्वतः मानत नसताना मला देवापर्यंत पोचवून आली, तिला मी कुठल्या तोंडाने अट घालू? ती कुठे उभी आहे हे ती आणि देव बघतील. तो तिला माझ्याहून चांगला ओळखतो. यात मला अजिबात काळजी वाटत नाही, आणि हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहितोय.

कलम दुसरं. बँकेत जे थोडंफार आहे त्यातून माझ्या दफनाचा खर्च करावा, बाकी सूनबाईला. पेटी साधी असावी. कबर मुलाच्या शेजारी, पत्नीच्या पायाशी. तिथे जागा आहे, मी पावलांनी मोजून आलो आहे. धाकट्याने प्रार्थना करावी, पण भाषण करू नये.

कलम तिसरं. माझी हत्यारं, म्हणजे पाने, पकडी, बर्नरच्या सुया, फेसाचा ब्रश आणि चामडी पिशवी, हे सगळं धाकट्या भावाला. लोक म्हणतील, भांडण असून त्याला का? तर लहानपणी त्याचा हात माझ्याहून हलका होता. वडिलांनी त्यालाच धंद्यात घालायचं ठरवलं होतं, पण तो शिकला आणि कमिटीत गेला. त्याने हत्यारं वापरावीत असा आग्रह नाही. अधूनमधून तेल लावावं. माझी शिडी त्याने नेली ती अजून परत केलेली नाही. तीही त्यालाच, म्हणजे आता मागायची भानगड राहिली नाही.

व्हरांड्यातलं ते वाक्य मी त्याला माफ केलं आहे. माफ करायला वेळ लागला, कारण तो ते वाक्य विसरून गेला होता आणि मी नव्हतो. पण दुसरी गोष्टही लिहून ठेवतो. ते वाक्य बोलताना त्याच्या हातात आमच्यासाठी घरून आणलेला चहाचा थर्मास होता. तो रोज आणायचा. त्यालाही कशाला तरी दोष द्यायचा होता, देवाला देता येईना, म्हणून आम्हाला दिला असेल. सूनबाईने त्याला माफ करावं अशी अट नाही. वर सांगितलंच, अटी नाहीत.

कलम चौथं. शास्त्राचं पुस्तक धाकटा चर्चला द्या म्हणतो. चर्चमध्ये पुष्कळ आहेत. हे सूनबाईला, खुणेसकट. तिने ते उघडावं असं नाही. तिचं शिलाई मशीन डुगडुगत असेल तर पायाखाली ठेवलं तरी चालेल. देवाने याहून डुगडुगणाऱ्या वस्तू सांभाळल्या आहेत, त्यांतली एक मी.

पहिल्या कलमात एक राहिलं. स्वयंपाकघरातल्या शेगडीचा डावा बर्नर मी मुद्दाम मंद ठेवला आहे, सूनबाईचा चहा उतू जाऊ नये म्हणून. तो बिघडलेला नाही. कोणी दुरुस्त करू नये.

या मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडण्याचं काम पाळकसाहेबांनी करावं. ते हो म्हणाले आहेत. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "काका, आता देवाला तरी एकदाच विचारा."

साक्षीदार पहिला: पाळकसाहेब. सही केली.

साक्षीदार दुसरा: खालचा शिंपी. सही केली. याला माझं भिंतीवरचं घड्याळ द्यायचं मनात होतं. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून घड्याळ आजच काढून दिलं. तो म्हणाला, "अहो शेगडीवाले, हे मागे पडतं." मी म्हणालो, फुकट आहे.

मृत्युपत्र करणारा: शेगडीवाला. सही वाकडी दिसली तरी माझीच आहे.

ठिकाण: शिंप्याच्या दुकानावरची खोली, खिडकीजवळचं टेबल.
तारीख: सूनबाई नोकरी बघायला गेली त्यानंतरचा दुसरा सोमवार.

सूनबाई, मूळ कागद पाळकसाहेबांच्या कपाटात आहे. ही नक्कल तुला पोस्टाने पाठवतो, कारण तोंडाने बोलायला गेलो असतो तर मी रडलो असतो आणि तू चहा ठेवला असतास. तिकडच्या गावातल्या इस्पितळाच्या शिवणखान्याची ती जागा चांगली आहे. चादरी, झगे, हाताखाली चार बायका आणि राहायला खोली. जाताना जिन्यात तू म्हणालीस, "महिनाभर काम बघून येते बाबा, नाही सांगून परत येते." बघायच्या आधीच नाही ठरवून गेलीस. ते माझ्यामुळे, हे मला कळतं.

नाही सांगू नकोस. इथली व्यवस्था झाली आहे. शिंपी रोज सकाळी काठीने खालून ठोकतो, मी पाय आपटतो. दुपारचं जेवण त्याच्या घरून येतं. मीठ जास्त असतं, पण येतं. मी घाबरेन, ते तू असतानाही घाबरतच होतो.

तू गेल्यापासून मी स्वतः वाचतो, अक्षर लावत लावत, मोठ्याने. परवा एका ठिकाणी मला राग आला. मी पुस्तक आपटलं आणि म्हणालो, हे काय बोलणं झालं? मग आठवलं, की देवाची बाजू घ्यायला खोलीत कोणी नाही. मग मीच उठलो, तुझ्या खुर्चीवरून माझ्या खुर्चीवर आलो आणि बाजू घेतली. जमलं. शिंप्याने ठोकलंसुद्धा.

तेव्हा हो सांग, आणि सांगितलंस की लगेच कळव. पत्राला वेळ लागेल, शिंप्याच्या दुकानात फोन कर. एकच शब्द सांगितलास तरी तो वर ओरडून सांगेल. लवकर कळव, बाळा. मी जिन्यातच बसलो आहे.