अपघाताविना सदतीस दिवस

१ एप्रिल

निवृत्त होऊन एक दिवस झाला आणि घरात नऊ धोके सापडले! काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते, नजर थोडीच निवृत्त होते? तव्याचा दांडा ओट्याबाहेर. इस्त्रीची वायर दारातून आडवी. फिनेल चक्क सरबताच्या बाटलीत! संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी लावलं. हे म्हणाले, "अगं, घर आहे हे, भट्टी नाही." म्हटलं, भट्टीवर माणसं निदान सावध तरी असतात.

३ एप्रिल

फ्रिजवर पांढरा फळा लावला. वर लाल अक्षरांत – अपघाताविना दिवस. कारखान्याच्या गेटवर असाच होता. मी सोडलं तेव्हा त्यावर तीनशे बारा आकडा होता, निरोपाच्या भाषणात साहेबांनी तो दोनदा सांगितला. मूठभर मांस चढलं अंगावर!

रोज सकाळी आकडा बदलायचं काम नातीला दिलं. ठमी – वय सहा, खरं नाव फक्त शाळेला माहीत. खुर्चीवर नाही, जमिनीवर उभी राहूनच हात पुरेल अशा उंचीवर फळा लावलाय. विचार करावा लागतो असा!

६ एप्रिल

सुनेने सुरीने बोट कापून घेतलं. फळा शून्यावर. रीतसर चौकशी केली – वेळ, जागा, कारण, कोणती खबरदारी घेतली नव्हती. तिच्याकडून लिहून घेतलं, खाली सही. "आई, एवढंसं तर कापलंय." एवढंसं कापणं आणि बोट जाणं यात सूतभर अंतर असतं, हे समजावताना भाषण जरा लांबलं. ती ताट घेऊन आपल्या खोलीत जेवायला गेली. गेली तर गेली. शिस्त कुणाला गोड लागलीय?

२१ एप्रिल

पंधरा!

आणि आज तर कमालच. भर दुपारी पार्सलवाला जिन्यासमोर उन्हातच मटकन बसला. तोंड लालभडक, कातडी तापलेली, पत्ता विचारला तर भलतंच बोलतोय. लोक नुसते भोवती उभे! सगळ्यांना मागे सारलं. सुनेला ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावला, यांच्याकडून त्याला सावलीत ओढून घेतलं, शर्ट सैल केला, मान, काखा, जांघा – ओली फडकी आणि जोरात वारा. कुणीतरी पाणी पाजायला निघालं होतं, हात धरला – भान हरपलेल्याला पाजायचं नसतं, ठसकेल! ॲम्ब्युलन्स आली तोवर तो आपलं नाव सांगू लागला होता. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर गार केलंत, म्हणून वाचला."

सून कौतुकाने बघत होती. खोटं कशाला लिहू, मला ते फार आवडलं.

६ मे

तीस. सगळ्यांना आइस्क्रीम. शेजारीण म्हणते, "तुमच्या घरात मुंगीसुद्धा परवानगी काढून चावत असेल."

९ मे

ठमीचं काय सांगू! एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सुती झगा घालून हिंडतेय. मी सांगितलं नव्हतं, आपणहून! "ऊन लागू नये म्हणून," म्हणाली. घरातसुद्धा काढत नाही. यांना म्हटलं, बघा, रक्तात उतरलंय. हे पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हणाले. यांना कसलं म्हणून कौतुक नाही!

१३ मे

सदतीस लिहिलं सकाळी. ठमीनेच.

दुपारी तिला ताप भरला. डोळे जड, अंग तापलेलं. मला वाटलं, ऊनच लागलं. पंखा लावला, फडकी भिजवली आणि झगा काढायला गेले तर पोर किंचाळली – "नको आजी, नको!" सून धावत आली आणि दारातच थिजली. बाही कात्रीने कापली.

कोपराखाली इस्त्रीचं टोक उमटलेलं. फोड फुटून पू झालेला, भोवती लाल. वर टूथपेस्टचे वाळलेले पापुद्रे.

आठ तारखेचं भाजलेलं. पाच दिवस! डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर दाखल करावं लागलं असतं. वीस मिनिटं नळाखाली हात धरला असता तर एवढं झालंच नसतं. या घरात शंभरदा सांगितलंय मी. पण भाजलं तेव्हा मला हाक मारायला हवी होती. मी शेजारच्या खोलीत होते. कुणी मारली नाही.

दवाखान्यातून येताना ठमी माझ्या मांडीवर होती. अंग अजून गरम. विचारते, "आजी, आकडा पुसणार का गं आता?"

१४ मे

सून रडली. "तुम्ही पुन्हा लिहून घेतलं असतंत, आई. सहीसकट." यांनाही माहीत होतं! म्हणे, "ठमीने शपथ घातली. आणि तुझा तो आनंद मोडवेना." राग आला – यांचा, सुनेचा, टूथपेस्टचा. संध्याकाळपर्यंत फिरत फिरत तो माझ्यापाशीच आला. पोरीने भाजलेला हात उकाड्यात पाच दिवस झाकून ठेवला, आणि मी त्याचं कौतुक सांगत हिंडले! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिकडे चारशे माणसं, वितळलेली काच, आणि तीनशे बारा दिवस कुणाला ओरखडासुद्धा नाही. मी खरं मानलं होतं.

१५ मे

फळा उतरवला.

२० मे

ताप गेला. जखम सुकतेय, ड्रेसिंग मीच करते. आज ठमी जवळ येऊन घुटमळली. "एक सांगू? मी स्टुलावर चढले होते. ते हललं. पण पडले नाही." सगळं भाषण ओठांवर आलं होतं, गिळलं. "बरं झालं सांगितलंस," म्हटलं आणि तिला घेऊनच स्टुलाचा पाय ठोकला. मग काय, बाईसाहेबांनी आणखी तीन गुन्हे कबूल केले. त्यातला एक आजोबांचा – ओल्या हाताने मिक्सर!

सूनही गच्चीवरून कपडे घेऊन आली ती आपणहून म्हणाली, "आई, गरगरतंय." आडवी केली, पंखा लावला, साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं. भाषण दिलं नाही. भाषण न देणं फार अवघड असतं! पण ती मला सांगायला आली. तीनशे बाराचं वाटलं नव्हतं इतकं भारी वाटलं.

२७ मे

डाव्या हाताने लिहितेय. सकाळी बाथरूममध्ये मीच घसरले. उजवं मनगट मोडलं. मोडलंय हे लगेच कळलं होतं मला, तरी दहा मिनिटं तशीच ओल्या फरशीवर बसून होते – कुणाला न कळता उठायचं कसं आणि हाताचं काय सांगायचं, ते जुळवत. मी! मग पायाने दाराची कडी सरकवली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले – पडलेय गं मी! या कुणीतरी!